गुडघ्याच्या कृत्रिम सांध्यातील जंतुसंसर्ग: आधी सांध्यातील पाणी, मग गोळी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. आईंचे वय ६९ वर्षे, मधुमेह १५ वर्षांचा. १६ महिन्यांपूर्वी उजव्या गुडघ्याचा सांधा बदलला. शस्त्रक्रियेनंतर जवळजवळ १२ दिवस जखमेची पट्टी ओली होत राहिली, मग जखम सुकली आणि पुढे वर्षभर चालणे-फिरणे चांगले राहिले. गेल्या ४ महिन्यांपासून गुडघा रात्रीही ठणकतो, सुजतो, हाताला गरम लागतो. दीड महिन्यापूर्वी टाक्यांच्या खालच्या टोकाशी मोहरीएवढे छिद्र पडले आणि त्यातून अधूनमधून स्राव येतो. गोळ्यांचे ३ कोर्स झाले. प्रत्येक वेळी छिद्र सुकते आणि गोळ्या संपल्या की आठ-दहा दिवसांत पुन्हा वाहू लागते. एक्स-रेमध्ये सांधा नीट बसलेला दिसतो, सीआरपी २८ आणि ईएसआर ६२ आहे (या दोन्ही शरीरातील दाह दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या), आणि छिद्रातील स्रावाच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून ओळखण्याच्या तपासणीत, दोन प्रकारचे जंतू आले आहेत. एका डॉक्टरांनी गुडघा उघडून धुण्याचा सल्ला दिला, तर दुसऱ्यांनी सांधा काढून दोन टप्प्यांत पुन्हा बसवावा लागेल असे सांगितले. गोळ्यांवर भागेल का, आणि डावा गुडघाही दुखत असल्याने तो कधी बदलता येईल, असे त्यांच्या मुलाने विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर स्पष्टच द्यायला हवे. केवळ गोळ्यांनी हा संसर्ग बरा होणार नाही. नुसते धुऊन सांधा तसाच ठेवण्याची वेळही आता निघून गेली आहे. बहुधा सांधा काढावाच लागेल. मात्र त्याआधी एक काम राहून गेले आहे, आणि ते केल्याशिवाय कोणीही शस्त्रक्रियेची तारीख ठरवू नये असे मला मनापासून वाटते: प्रतिजैविके थांबवून, छिद्रापासून दूर असलेल्या निरोगी त्वचेतून सुई घालून सांध्यातील पाणी काढणे आणि त्याची पूर्ण तपासणी करणे. तीन कोर्स झाले आणि तरीही सांध्यात नेमका कोणता जंतू आहे हे कोणालाच ठाऊक नाही, ही या प्रकरणातील सर्वांत काळजीची बाब आहे. गेली अनेक वर्षे माझ्याकडे येणाऱ्या अशा बहुतेक रुग्णांच्या फायलींमध्ये मला हेच दिसते.

गोळ्यांनी छिद्र सुकते आणि पुन्हा वाहते, असे का होते हे समजून घेतले की पुढचे सारे उपचार समजणे सोपे जाते. शरीराच्या जिवंत पेशीजालात जंतू शिरले तर रक्तातून पांढऱ्या पेशीही तेथे पोहोचतात आणि औषधही पोहोचते. धातूला आणि प्लास्टिकला रक्तपुरवठा नसतो. जंतू इम्प्लांटच्या, म्हणजे बसवलेल्या कृत्रिम सांध्याच्या, पृष्ठभागाला चिकटतात, काही दिवसांत आपल्याभोवती चिकट थर तयार करतात आणि त्या थराच्या आत जवळजवळ सुप्तावस्थेत राहतात. या थराला बायोफिल्म म्हणतात. बहुतेक प्रतिजैविके वेगाने वाढणाऱ्या जंतूंना मारतात. सुस्तावलेल्या जंतूंवर त्यांचा परिणाम फार कमी होतो, आणि बायोफिल्ममधील जंतूंना मारण्यासाठी मोकळ्या जंतूंच्या तुलनेत औषधाची मात्रा शेकडो पट, कधी हजार पटही लागते. एवढी मात्रा कोणत्याही रुग्णाला देता येत नाही. म्हणून गोळ्या चालू असताना थरातून सुटून बाहेर आलेले मोकळे जंतू मरतात, सूज उतरते, छिद्र सुकते, घरच्यांना बरे वाटते. गोळ्या थांबल्या की थरातून नवे जंतू बाहेर पडतात. गुडघा उघडल्यावर हा थर अनेकदा डोळ्यांना दिसतही नाही. कधी सांध्याच्या धातूच्या भागांमधला प्लास्टिकचा तुकडा उचलून उलटा केला की त्याच्या पाठीवर, धातूच्या ताटलीला टेकणाऱ्या बाजूला, बोटाने पुसल्यावर बुळबुळीत लागणारा पिवळसर साका दिसतो. वरची बाजू धुऊन तिथपर्यंत पोहोचता येत नाही.

हा संसर्ग आला कोठून, हे घरच्यांना नेहमी सतावते. पहिल्यांदा सांधा बदलणाऱ्या साधारण शंभरातल्या एक ते दोन रुग्णांना ही गुंतागुंत होते. मधुमेह, लठ्ठपणा, धूम्रपान, संधिवातावरील प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आणि आधीची शस्त्रक्रिया यांमुळे धोका वाढतो. पहिल्या ३ महिन्यांत उसळणारा संसर्ग बहुधा शस्त्रक्रियेच्या वेळचाच असतो. ३ महिने ते २ वर्षांच्या आत हळूहळू वर येणारा संसर्गही बऱ्याचदा त्याच वेळी शिरलेल्या मंद जंतूंचा असतो. त्वचेवर नेहमी राहणारा स्टॅफिलोकोकस एपिडर्मिडिस हा त्यातला नेहमीचा. त्यानंतर अचानक होणारा संसर्ग बहुतेक वेळा रक्तातून येतो: पायाची चिघळलेली जखम, मूत्रमार्गाचा दाह, दाताचे गळू यांतून. आपल्या आईंच्या बाबतीत कालावधी आणि सुरुवातीचे ते १२ ओले दिवस पाहता पहिल्या शस्त्रक्रियेच्या आसपासच बीज पडले असण्याची शक्यता मला अधिक वाटते. शस्त्रक्रियेनंतर ५ ते ७ दिवसांच्या पुढेही जखम ओली राहत असेल, तर गोळ्या देऊन वाट पाहू नये, जखम उघडून आत काय चालले आहे ते पाहावे, असे आज तज्ज्ञांचे सर्वसाधारण मत आहे. हे मी कोणाला दोष देण्यासाठी लिहीत नाही; ज्यांच्या घरी नुकतीच अशी शस्त्रक्रिया झाली आहे त्यांनी ओल्या पट्टीकडे दुर्लक्ष करू नये, म्हणून लिहितो.

आता निदानाकडे वळू. २०१८ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय बैठकीतून जे निकष पुढे आले, त्यांत दोन गोष्टींपैकी कोणतीही एक असली तरी निदान निश्चित मानले जाते: सांध्यापर्यंत पोहोचणारा नाडीव्रण (त्वचेवरून आत जाणारी, वाहणारी वाट), किंवा दोन वेगवेगळ्या नमुन्यांत एकच जंतू वाढणे. आईंच्या गुडघ्यावरील छिद्र म्हणजे नाडीव्रण, आणि तो सांध्यापर्यंत जातो एवढे तपासून पाहिले की ‘संसर्ग आहे का’ हा प्रश्न उरत नाही. ज्यांना छिद्र नसते त्यांच्यासाठी गुणांची पद्धत आहे: रक्तातील सीआरपी लिटरमागे १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त, ईएसआर ३० पेक्षा जास्त, सांध्यातील पाण्यात मायक्रोलिटरमागे ३,००० पेक्षा जास्त पांढऱ्या पेशी, त्यांत न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार) ८० टक्क्यांहून अधिक, अशा प्रत्येक गोष्टीला ठरावीक गुण असतात आणि बेरीज ६ किंवा त्याहून जास्त झाली की संसर्ग मानतात. हे आकडे जुन्या, रेंगाळलेल्या संसर्गासाठी आहेत. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या ६ आठवड्यांत पेशींची संख्या तशीही वाढलेली असते, त्यामुळे तेव्हा १०,००० पेशी आणि ९० टक्के न्यूट्रोफिल अशी वरची पातळी धरतात.

सीआरपीबद्दल एक व्यवहारातली सूचना. काही प्रयोगशाळा तो लिटरमागे मिलिग्रॅममध्ये देतात, काही डेसिलिटरमागे. एका कागदावर २.८ आणि दुसऱ्यावर २८ दिसले तर ‘दसपटीने वाढला’ असे समजून घाबरणारे, किंवा २.८ पाहून निश्चिंत होणारे, दोन्ही प्रकारचे लोक मी पाहिले आहेत. आकड्यापुढचे एकक आधी वाचावे. शिवाय मंद जंतूंच्या संसर्गात सीआरपी अगदी सर्वसाधारणही असू शकतो, आणि अशा रुग्णांना ताप तर बहुधा नसतोच. ‘ताप नाही म्हणजे इन्फेक्शन नाही’ हे वाक्य जुन्या संसर्गाच्या बाबतीत पूर्णपणे चुकीचे आहे. एक्स-रे चांगला दिसणे यानेही संसर्ग नाकारता येत नाही. सांधा सैल झाल्याचे एक्स-रेमध्ये दिसायला वेळ लागतो. हाडांच्या स्कॅनचा या टप्प्यावर फारसा उपयोग नाही, कारण गुडघ्याचा सांधा बदलल्यावर वर्षभर, काही वेळा त्याहून अधिक काळ, तो स्कॅन निरोगी माणसातही उजळलेला दिसतो.

छिद्रातील स्रावाच्या कल्चरवर मी फारसा विश्वास ठेवत नाही. छिद्राच्या तोंडाशी त्वचेवरचे, कपड्यांवरचे, हातांवरचे जंतू येऊन वसतात. बोळ्याने जे उचलले जाते ते बहुतेक वेळा या तोंडाशी बसलेल्या जंतूंचे मिश्रण असते, आणि आत खोलवर इम्प्लांटला चिकटलेला खरा जंतू वेगळाच निघू शकतो. आईंच्या अहवालात दोन जंतू आले आणि त्यांतल्या एकाला लागू पडणारी गोळी तिसऱ्या कोर्समध्ये दिली गेली, असे कागदपत्रांवरून दिसते. ती गोळी चुकीच्या पत्त्यावर गेली असण्याची मोठी शक्यता आहे.

म्हणून आता सांध्यातील पाणी. प्रतिजैविके किमान २ आठवडे बंद ठेवून ते काढावे, नाहीतर जंतू असूनही कल्चरमध्ये काहीच वाढत नाही. या दोन आठवड्यांत आईंना थंडी वाजून ताप आला, धाप लागली, गुंगी आली किंवा रक्तदाब उतरला तर मात्र दिवस मोजत बसू नये. त्याच दिवशी रुग्णालयात दाखल करून रक्ताचे कल्चर आणि सांध्यातील पाणी घेऊन लगेच शिरेतून औषध सुरू करावे लागते. एरवी मधुमेहाची आणि रक्तदाबाची औषधे नेहमीप्रमाणे चालू ठेवावीत. थांबवायची ती फक्त प्रतिजैविके, आणि तीही आपल्या शल्यचिकित्सकांशी बोलूनच.

पाणी काढणे ही पाच मिनिटांची गोष्ट आहे, परंतु ती कशी केली यावर सारे अवलंबून असते. शस्त्रक्रियेच्या वेळी करतात तशी त्वचा स्वच्छ करून ती पूर्ण सुकू द्यायची. त्वचा बधिर करण्यासाठी थोडे औषध वरच्या वर चालते. सांध्याच्या आत मात्र ते सोडू नये, कारण बधिर करणारी औषधे जंतूंची वाढ रोखतात. आतून काही मिळाले नाही म्हणून सलाइन आत सोडून ते परत ओढण्याचा मोह टाळलेला बरा; त्याने पेशींची मोजणी निरुपयोगी होते. मिळालेले पाणी मी ताबडतोब वाटून टाकतो: थोडे जांभळ्या टोपीच्या नळीत पेशी मोजण्यासाठी, बरेचसे थेट रक्ताच्या कल्चरच्या बाटल्यांमध्ये, कारण त्यांत जंतू वाढण्याची शक्यता साध्या डबीपेक्षा जास्त असते, आणि उरलेले निर्जंतुक डबीत क्षयरोगाच्या आणि बुरशीच्या तपासणीसाठी. कल्चर १४ दिवस ठेवावे असे मागणीच्या कागदावर ठळक लिहावे लागते. तसे लिहिले नाही तर पाचव्या दिवशी ‘वाढ नाही’ असा अहवाल येतो आणि हळू वाढणारा जंतू निसटतो. मी शक्यतो मायक्रोबायोलॉजिस्टना स्वतः फोन करतो. त्यांना रुग्णाची हकीकत ठाऊक असली की ते बाटलीकडे वेगळ्या नजरेने पाहतात.

क्षयरोगाचा उल्लेख वर ओझरता आला, पण आपल्याकडे त्यावर थांबून बोलायला हवे. पाश्चात्त्य मार्गदर्शक सूचनांमध्ये तो अगदी शेवटी, दुर्मीळ म्हणून येतो. आपल्याकडे तो मनात ठेवूनच सुरुवात करावी लागते. काही वर्षांपूर्वी एक ७० वर्षांच्या शेतकरी बाई माझ्याकडे आल्या होत्या. गुडघा बदलून २ वर्षे झाली होती, सूज होती, पाण्याचे साधे कल्चर दोनदा कोरे आले होते आणि आधीच्या सात-आठ महिन्यांत त्यांना लिव्होफ्लॉक्सासिन आणि लिनेझोलिडचे कोर्स झाले होते. दर वेळी थोडा उतार पडे. ही दोन्ही औषधे क्षयाच्या जंतूंवरही काही प्रमाणात काम करतात. त्यामुळे रोग झाकला जातो, पण बरा होत नाही, आणि जंतू औषधाला सरावण्याचा धोका वेगळाच. गुडघा उघडून घेतलेल्या पेशीजालाच्या तपासणीत क्षयाच्या गाठी दिसल्या आणि नंतर सीबीनॅट या क्षयाच्या जंतूंचा जनुकीय अंश शोधणाऱ्या तपासणीत खात्री झाली. आधी पाठवलेल्या एकाही नमुन्यावर क्षयाची तपासणी मागितलेली नव्हती. याच कारणासाठी आपल्या देशात कृत्रिम सांध्याच्या संसर्गावर रिफॅम्पिसिन (हेही क्षयावरचेच औषध) सुरू करण्यापूर्वी क्षयाचे नमुने पाठवलेले असलेच पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे.

पहिल्या डॉक्टरांनी सुचवलेला मार्ग, म्हणजे गुडघा उघडून, संसर्ग झालेले पेशीजाल खरवडून काढून, भरपूर पाण्याने धुऊन, प्लास्टिकचा तुकडा नवा बसवून धातूचे भाग तसेच ठेवणे, हा वाईट मार्ग नाही. योग्य वेळी केला तर तो सांधा वाचवतो. पण त्याची वेळ फार आखूड असते: लक्षणे सुरू होऊन जेमतेम ३ आठवडे झालेले असावेत, धातूचे भाग घट्ट असावेत, त्वचा चांगली असावी आणि नाडीव्रण नसावा. बायोफिल्म पक्की होण्याआधी गाठण्याची ही शर्यत असते. ६ वर्षांपूर्वी गुडघा बदललेल्या, पायाच्या बोटाला जखम झालेल्या एखाद्या मधुमेही माणसाचा गुडघा दोन दिवसांत अचानक टम्म फुगतो, तेव्हा पाणी काढून त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी ही शस्त्रक्रिया करावी, आणि ती सांधा पूर्ण उघडूनच करावी. दुर्बिणीतून धुण्याने प्लास्टिकच्या मागे पोहोचता येत नाही. आईंना लक्षणे ४ महिन्यांची आहेत आणि नाडीव्रण दीड महिन्याचा. आता नुसते धुतले तर एक भूल, एक शस्त्रक्रिया आणि काही महिने वाया जातील, आणि पुढच्या शस्त्रक्रियेसाठी त्वचा आणखी खराब होईल, असे मला वाटते.

मग सांधा काढणे. ते एका टप्प्यात करायचे की दोन, यावर जगभर वाद आहे. हॅम्बुर्गमध्ये बुखोल्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हाडाच्या सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळण्याची पद्धत आणली आणि १९७० मध्ये ती प्रसिद्ध केली. संसर्ग झालेला सांधा काढून त्याच शस्त्रक्रियेत नवा बसवण्याची परंपरा तेथूनच पुढे आली. न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये ११ गुडघ्यांवरील अनुभव मांडला: आधी सांधा काढा, ६ आठवडे शिरेतून औषध द्या, मग नवा बसवा. आपल्याकडील बहुतेक केंद्रे आजही या दोन टप्प्यांच्या वाटेने जातात. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ब्रिटन आणि स्वीडनमधील १४० रुग्णांच्या चाचणीत १८ महिन्यांनंतर दोन्ही पद्धतींच्या रुग्णांची स्थिती सारखीच निघाली आणि पहिल्या ३ महिन्यांत एका टप्प्याचे रुग्ण अधिक बरे होते. पण ते सारे खुब्याचे रुग्ण होते, गुडघ्याचे नव्हते. गुडघ्यावर त्वचेचे आवरण पातळ असते, स्नायूंची गादी नसते, म्हणून तो निष्कर्ष जसाच्या तसा येथे लावायला मी कचरतो.

माझा स्वतःचा नियम असा आहे. जंतू आधी ओळखला गेला असेल, त्याच्यावर चालणारी चांगली औषधे असतील, हाड आणि त्वचा ठीक असेल, तर एका टप्प्याचा विचार मी जरूर करतो, कारण म्हाताऱ्या माणसाची एक मोठी शस्त्रक्रिया त्याने वाचते. जंतूच माहीत नसेल, तो अनेक औषधांना दाद न देणारा असेल, बुरशी निघाली असेल किंवा छिद्राभोवतीची त्वचा एवढी निकामी असेल की जवळच्या स्नायूचा तुकडा फिरवून आणावा लागेल, तर दोन टप्पे. आईंच्या बाबतीत आजच्या माहितीवर दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला मला योग्य वाटतो. पाण्याच्या कल्चरमध्ये एकच सोपा जंतू आला तर त्यांच्याशी एका टप्प्याबद्दल मोकळेपणाने बोलावे.

पहिल्या टप्प्यात काय होते हे आपल्याला माहीत असावे, म्हणजे योग्य प्रश्न विचारता येतील. धातू, प्लास्टिक आणि जुने सिमेंट यांचा कणही मागे ठेवायचा नसतो. मांडीच्या आणि नडगीच्या हाडांच्या पोकळीत शिरलेले सिमेंट काढायलाच कधी कधी सर्वांत जास्त वेळ जातो. पेशीजालाचे ५ नमुने वेगवेगळ्या जागांवरून घेतले जातात, आणि प्रत्येकासाठी नवे पाते, नवा चिमटा, नवी डबी. पहिल्या नमुन्याच्या चिमट्यानेच पाचवा घेतला तर एका डबीतला जंतू पाचही डब्यांत जातो आणि ‘दोन नमुन्यांत एकच जंतू’ या निकषाला अर्थ राहत नाही. काढलेला इम्प्लांट काही केंद्रांत ध्वनिलहरींनी हलवून त्याच्यावरचे जंतू सोडवतात आणि त्या पाण्याचे कल्चर करतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या पद्धतीने ७८.५ टक्के रुग्णांत जंतू सापडला, तर पेशीजालाच्या कल्चरने ६०.८ टक्के रुग्णांत. ही सोय जवळ असेल तर वापरावी. नंतर रिकाम्या जागेत प्रतिजैविक मिसळलेल्या सिमेंटचा स्पेसर, म्हणजे नवा सांधा बसेपर्यंत जागा धरून ठेवणारा तात्पुरता ठोकळा, बसवतात. सिमेंट घट्ट होताना तापते, म्हणून त्यात उष्णता सोसणारीच औषधे, मुख्यतः जेंटामायसिन आणि व्हॅन्कोमायसिन, मिसळतात. सांध्यात औषधाची जी तीव्रता यातून मिळते ती शिरेतून कधीच मिळत नाही. मात्र यातला काही अंश रक्तात उतरतो, त्यामुळे १५ वर्षांच्या मधुमेहात आधी आणि नंतरही दर आठवड्याला क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारी रक्ताची तपासणी) पाहणे आवश्यक आहे.

औषध किती दिवस आणि कोणत्या मार्गाने, याबद्दल गेल्या काही वर्षांत चांगले पुरावे हाती आले आहेत. ब्रिटनमधील २६ केंद्रांत १,०५४ रुग्णांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हाडांच्या व सांध्यांच्या संसर्गात पहिले ६ आठवडे तोंडावाटे औषध घेणाऱ्यांपैकी १३.२ टक्के आणि शिरेतून घेणाऱ्यांपैकी १४.६ टक्के रुग्णांत उपचार अयशस्वी ठरले, म्हणजे तोंडावाटे दिलेले औषध कमी पडले नाही. म्हणून जंतू ओळखलेला असेल आणि त्याला चालणारी, हाडात नीट उतरणारी गोळी उपलब्ध असेल, तर ६ आठवडे सलाइनच्या नळीला बांधून ठेवण्याची गरज नसते. यावरून ‘मग गोळ्यांवरच भागेल’ असा अर्थ मात्र काढू नये; त्यातील बहुतेक रुग्णांवर आधी शस्त्रक्रिया झालेली होती. मुदतीबद्दल फ्रान्समधील ४१० रुग्णांच्या चाचणीत, जी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली, ६ आठवड्यांच्या गटात १८.१ टक्के आणि १२ आठवड्यांच्या गटात ९.४ टक्के रुग्णांत संसर्ग टिकून राहिला. सांधा न काढता धुतलेल्या रुग्णांत हा फरक सर्वांत ठळक होता. त्यामुळे इम्प्लांट शरीरात राहणार असेल तर मी ३ महिन्यांहून कमी औषध देत नाही.

स्टॅफिलोकोकस जातीच्या जंतूंसाठी रिफॅम्पिसिनला तोड नाही, कारण ते बायोफिल्ममध्येही काम करते. स्वित्झर्लंडमध्ये झालेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या छोट्या चाचणीत, उपचार पूर्ण केलेल्यांपैकी रिफॅम्पिसिनसह सिप्रोफ्लॉक्सासिन घेणारे १२ पैकी १२ बरे झाले, तर एकटे सिप्रोफ्लॉक्सासिन घेणारे १२ पैकी ७. परंतु रिफॅम्पिसिन कधीही एकटे देत नाहीत, जखम वाहत असताना सुरू करत नाहीत, नाहीतर जंतू काही दिवसांतच त्याला दाद देईनासे होतात. लघवी नारिंगी होते, त्याला घाबरू नये. आईंसाठी महत्त्वाचे हे की ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा परिणाम ते कमी करते आणि साखर चढते. रक्त पातळ करणाऱ्या औषधांवरही त्याचा परिणाम होतो. म्हणून ते सुरू करण्याच्या दिवशीच मधुमेहाच्या डॉक्टरांना कळवावे.

दोन टप्प्यांच्या मधला काळ घरच्यांची परीक्षा पाहतो. आईंना वॉकर घेऊन हिंडता येईल, पण गुडघा आपला वाटणार नाही. काही रुग्णांना दुसऱ्या टप्प्यापर्यंत पोहोचताच येत नाही, प्रकृती साथ देत नाही किंवा संसर्ग पुन्हा दिसतो, आणि क्वचित गुडघा कायमचा ताठ करण्याची वेळ येते. हे आधी सांगणे माझे कर्तव्य आहे. ज्यांचे हृदय वा फुप्फुसे मोठी भूल सोसणारच नाहीत, अशांसाठी जन्मभर कमी मात्रेची गोळी देऊन संसर्ग दाबून ठेवणे हा मार्ग उरतो. आईंच्या हृदयतपासणीत तसे काही निघाले तर गोळ्यांचा विचार त्या अर्थाने करता येईल, तोही जंतू ओळखल्यानंतर. खर्चाचेही आधीच बोलून घ्यावे. २०१७ मध्ये केंद्र सरकारने गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतींवर जी मर्यादा घातली तीत पुन्हा बसवायचे इम्प्लांटही येतात, पण स्पेसर, औषधे, दोन भुली आणि लांबलेला मुक्काम यांचा दोन्ही टप्प्यांचा मिळून लेखी अंदाज रुग्णालयाकडून घ्यावा.

डाव्या गुडघ्याबद्दल. उजव्या गुडघ्यात संसर्ग जिवंत असताना डावा बदलणे अजिबात योग्य नाही, कारण रक्तातून जंतू नव्या सांध्यावर जाऊन बसू शकतात. उजव्याचा नवा सांधा बसल्यावर, औषधे पूर्ण थांबवून काही महिने सीआरपी, ईएसआर आणि गुडघा तिन्ही शांत राहिले, की मग डाव्याचा विचार करावा. तोपर्यंत काठी, मांडीचे व्यायाम आणि मूत्रपिंडाला झेपेल अशी वेदनाशामके. डाव्या गुडघ्यात स्टिरॉइडचे इंजेक्शन घेतले तर त्यानंतर किमान ३ महिने त्यात सांधा बसवू नये, हेही ध्यानात ठेवावे. शस्त्रक्रियेआधी एचबीए१सी (गेल्या सुमारे तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी तपासणी) शक्यतो ७.५ टक्क्यांच्या आसपास आणावे, अल्ब्युमिन (पोषण कसे आहे हे सुचवणारे रक्तातील प्रथिन) पाहावे, पायांच्या बोटांमधल्या बेचक्या, टाचांच्या भेगा आणि दात तपासून घ्यावेत, आणि नाकात स्टॅफिलोकोकस ऑरियस आहे का ते बोळ्याने पाहून, असल्यास ५ दिवस नाकात म्युपिरोसिनचे मलम आणि क्लोरहेक्सिडिनची अंघोळ द्यावी. उजव्या गुडघ्यात शेवटी जो जंतू निघेल त्याचे नाव आणि त्याला लागू पडलेली औषधे एका कागदावर लिहून तो कागद पहिल्या शस्त्रक्रियेच्या नोंदीसोबत आणि इम्प्लांटच्या पेटीवरील चिकटपट्ट्यांसोबत जपून ठेवावा. डाव्या गुडघ्याच्या वेळी भूल देण्याआधी कोणते प्रतिजैविक द्यायचे हे त्या कागदावरून ठरेल.